खोड्यातली गाय आणि एक ते पाचची पट्टी

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात प्रत्येकाला एक पेपर असा भेटतो की वाटतं, झालं, आपला प्रश्न सुटला. मला भेटला तो १९९७ चा, ‘जर्नल ऑफ ॲनिमल सायन्स’मधला, जेमतेम पाच पानांचा. लेखक व्हॉइसिनेट, टेम्पल ग्रँडिन आणि सहकारी, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी. प्रश्न अगदी साधा होता: जनावराला यंत्रात धरलं की ते किती धडपडतं आणि त्याचं वजन रोज किती वाढतं, यांचा एकमेकांशी संबंध आहे का? उत्तर आलं, आहे. शांत जनावरं जास्त वाढतात.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये हा पेपर तीन ठिकाणी होता. आता एकाच ठिकाणी आहे, आणि तोही ‘मर्यादा’ या मथळ्याखाली. मधल्या काळात काय झालं ते आज लिहितेय. पेटची तयारी करणाऱ्यांनी हा लेख पेपर कसा वाचायचा याचं एक उदाहरण म्हणून वाचावा. एक आधीच सांगते, पेपर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. वाईट पेपरवर इतका वेळ कोण घालवणार!

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्याकडे दवाखान्यात खोडा असतो: चार खांब, आडवे पाइप, पुढे एक दांडा, मागे एक दांडा, आणि जनावर कासऱ्याने पुढच्या खांबाला बांधलेलं. अमेरिकेतल्या रँचवरची स्क्विझ चूट हे वेगळंच प्रकरण आहे. शे-दोनशे जनावरं एका अरुंद गल्लीतून एकामागे एक येतात. शेवटी लोखंडी पिंजरा असतो. पुढच्या फाटकात मान अडकते, मागचं दार बंद होतं आणि दोन्ही बाजूंच्या भिंती आत सरकून जनावराला दाबून धरतात. काही चूट हाताच्या दांड्यावर चालतात, मोठ्या ठिकाणी हायड्रॉलिक असतात. ज्या जनावरांना वर्षातून दोन-चार वेळाच माणूस दिसतो, त्यांना टोचायचं, बिल्ला मारायचा, वजन करायचं तर याशिवाय पर्याय नाही. त्यांना वेसण नसते, दावं माहीत नसतं.

हे दाबणं कसं असावं यात बरंच शास्त्र आहे, आणि त्यातलं पुष्कळसं ग्रँडिन यांनीच लिहून ठेवलेलं आहे. भिंती हळू आणि सलग सरकल्या तर जनावर बऱ्याचदा शांत होतं, झटक्यात आपटल्या तर बिथरतं. सैल धरलं तर सुटायला धडपडतं आणि जास्त आवळलं तरी धडपडतं, म्हणून हायड्रॉलिक यंत्रात दाबाची कमाल मर्यादा ठरवणारा व्हॉल्व्ह नीट लावलेला असावा लागतो. खाली पाय घसरला की जनावर घाबरतं. पंपाचा आवाज आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज त्याला नको असतो. मानेच्या फाटकात जनावर बसलं, तर गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन ते कोसळू शकतं. म्हणून बाजूच्या भिंती खाली अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ठेवतात, म्हणजे त्याला खाली बसताच येत नाही. आणि हाताने चालवायच्या चूटमध्ये फाटकाचा दांडा जोरात उलटला तर तो चालवणाऱ्याच्या तोंडावर बसतो, तेव्हा धोका फक्त जनावराला नाही.

एवढं सगळं सांगण्याचं कारण आहे. जनावर चूटमध्ये किती हललं हे वरच्या प्रत्येक गोष्टीवर अवलंबून असतं, आणि पट्टीवर मात्र आकडा एकच पडतो. तोही जनावराच्या नावावर.

आता पट्टी. ग्रँडिन यांनी १९९३ मध्ये ‘अप्लाइड ॲनिमल बिहेवियर सायन्स’मध्ये एक पेपर लिहिला, त्यात ही पाच पायऱ्यांची पट्टी आहे. १ म्हणजे शांत, हालचाल नाही. २ म्हणजे अस्वस्थ, जागच्या जागी पाय हलवणं. ३ म्हणजे अंग आवळून सुटायला बघणं, मधूनमधून चूट हलवणं. ४ म्हणजे सतत जोराने चूट हादरवणं. ५ म्हणजे मागच्या पायांवर उठणं, पिळवटणं, जिवाच्या आकांताने झगडणं. मला हे आजही आवडतं. ‘रागीट’, ‘मारकी’, ‘गरीब’ असे शब्द यात नाहीत. जनावर काय करतंय ते लिहिलंय, ते मनातून कसं आहे ते नाही. स्वभाव मोजायच्या कामात एवढा संयम फार कमी लोक दाखवतात. शिवाय खर्च शून्य. एक वही, एक पेन आणि चूटशेजारी उभा माणूस.

१९९७ च्या पेपरमध्ये २९२ गोऱ्हे (खच्ची केलेले) आणि १४४ कालवडी आहेत. त्यांचे दोन गट केलेत: ज्यांच्यात ब्राह्मन जातीचं रक्त २५ टक्के किंवा जास्त आहे ते, आणि ज्यांच्यात ते नाहीच ते. पहिल्या गटाची सरासरी ३.४५, दुसऱ्याची १.८०. म्हणजे ब्राह्मन संकर जास्त बिथरणारे. आणि जातीच्या प्रत्येक गटात आकडा वाढला तशी वजनवाढ घटलेली. हा शेवटचा मुद्दा लेखकांच्या बाजूचा आहे, तो मान्य करायला हवा. सगळी जनावरं एकत्र करून संबंध दाखवला असता तर ‘तो जातीचा परिणाम असेल’ असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. त्यांनी ती पळवाट बऱ्यापैकी बंद केलीय.

पण सारांशातलं क्रियापद बघा. आकडा वाढल्याचा परिणाम म्हणून वजनवाढ घटली, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. हे कुठून आलं? कुणीही कुठल्याही जनावराला मुद्दाम शांत किंवा अशांत केलेलं नाही. दोन गोष्टी मोजल्या आणि त्या एकत्र हलताना दिसल्या, बस. कदाचित बिथरणारं जनावर इतरांच्या गर्दीत गव्हाणीवर कमी खात असेल. कदाचित ज्या रँचवर माणसं आरडाओरडा करत हाकतात, तिथलं मूळ संगोपनही वाईट असेल. कदाचित आजारी, दुखणारं जनावर जास्त धडपडत असेल आणि वाढतही कमी असेल. लेखकांची शक्यता खोटी आहे असं नाही, ताणाच्या शरीरशास्त्राशी ती जुळते. पण या पेपरने ती सिद्ध केलेली नाही. जर्नल क्लबमध्ये एखादा पेपर सांगायची वेळ आली, तर आधी सारांशातली क्रियापदं अधोरेखित करा. ‘घटली’, ‘सोबत दिसली’ आणि ‘मुळे घटली’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरासरीचा मुद्दा थोडक्यात उरकते, कारण आकडेशास्त्राच्या पुस्तकात तो मिळेल. १ ते ५ ही क्रमवारी आहे, माप नव्हे. १ आणि २ मधलं अंतर ४ आणि ५ मधल्या अंतराएवढंच आहे, असं गायीला कुणी विचारलेलं नाही. त्यामुळे ३.४५ हा आकडा दिसतो तेवढा घट्ट नसतो. सगळेच असं करतात, मीही केलंय.

मला खरं अडलं ते ब्राह्मनपाशी.

अमेरिकेतली ब्राह्मन जात म्हणजे आपलीच वशिंडवाली गुरं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिकडे नेलेल्या कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णा व्हॅली या जातींपासून ती तयार झाली. कृष्णा व्हॅली म्हणजे आपला कृष्णाकाठ, सांगली-बेळगावकडचा. तेव्हा ‘ब्राह्मन रक्त म्हणजे बिथरणारं’ हे वाक्य वाचताना माझ्यासारख्या सोलापूरच्या मुलीला थोडं टोचतंच. पण टोचतं म्हणून ते चूक ठरत नाही, म्हणून मी त्या आकड्याकडे तीन प्रश्न घेऊन गेले.

पहिला प्रश्न: आकडा देणाऱ्याला जात दिसत होती का? दिसणारच. वशिंड, लोंबते कान, गळ्याची पोळी, हे काही लपत नाही. औषधाच्या चाचणीत कुणाला औषध आणि कुणाला नुसती गोळी हे तपासणाऱ्यापासून लपवतात, तसं इथे करताच येत नाही. आणि ‘ब्राह्मन तापट असतात’ हे तिकडच्या पशुपालकांमध्ये आधीपासून बोललं जातं. अशा वेळी मधली हालचाल, २ द्यावं की ३ असा घोळ, कुठल्या बाजूला झुकेल? लेखक अप्रामाणिक होते असं मी म्हणत नाही. प्रामाणिक माणसाचाही हात असा झुकतो, म्हणून तर आंधळी मोजणी शोधून काढावी लागली.

दुसरा प्रश्न: गट नुसते जातीने वेगळे आहेत का? मांसाच्या व्यवसायात जात, गाव, रँच, तिथली माणसं आणि लहानपणी मिळालेली वागणूक या गोष्टी एकाच गाठोड्यात येतात. ब्राह्मन संकर मुख्यतः उष्ण भागात, मोठ्या मोकळ्या कुरणांवर वाढतात, जिथे माणसाशी गाठ कमी पडते. आपण फरकाला जातीचं नाव देतो, पण त्यात रक्त किती आणि ओळख किती, हे असल्या पेपरमधून वेगळं निघत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि गंमत म्हणजे त्याचा धागा ग्रँडिन यांच्याच लिखाणात मिळतो. ब्राह्मन जनावराला फार छळलं, विजेच्या काठीने पुन्हा पुन्हा टोचलं, तर ते कधीकधी झगडायचं सोडून देतं. खाली बसतं, निपचित पडतं, उठवलं तरी उठत नाही. तिकडचे लोक म्हणतात रुसलं. खरं तर ती भीतीची पराकाष्ठा आहे. आता या जनावराला पट्टीवर काय द्यायचं? हालचाल नाही, म्हणजे १. सगळ्यात शांत! पट्टीने हालचाल मोजली हे तिचं बळ होतं, तेच इथे उलटतं. हालचाल नसणं म्हणजे भीती नसणं, असं पट्टीच्या व्याख्येत कुठेच म्हटलेलं नाही. पण पेपरच्या मथळ्यात ‘हलत नाही’चं ‘शांत स्वभाव’ झालं, आणि आपण सगळे तो मथळाच लक्षात ठेवतो.

१९९३ च्या पेपरची बाजूही सांगायला हवी, कारण तो नुसता पट्टी घेण्यासाठी वाचला जातो. त्यात तीच जनावरं काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. काही बैल दरवेळी टोकाचे बिथरले, काही दरवेळी शांत राहिले, आणि मधली मंडळी कधी इकडे, कधी तिकडे. मला यातून दिसतं ते हे: दोन टोकांना पट्टी विश्वासाची आहे, मध्ये नाही. एकदाच पाहून २ आणि ३ मधला फरक ‘स्वभाव’ म्हणून सांगणं धाडसाचं आहे. हे ज्यांनी पट्टी वापरली त्यांनीच आधी दाखवून ठेवलंय, आणि पुढचे पेपर मात्र एकदाच पाहून मोकळे होतात.

माणसाचा डोळा काढून टाकायचा एक मार्ग ऑस्ट्रेलियात निघाला होता. हीदर बरो आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सुचवलं की जनावर यंत्रात काय करतं ते सोडा, सुटल्यावर किती वेगाने पळतं ते मोजा. दार उघडल्यावर साधारण १.७ मीटर अंतर कापायला लागलेला वेळ प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या घड्याळाने घ्यायचा. घड्याळाला वशिंड दिसत नाही. पुढे २००६ मध्ये ब्राह्मन वळूंवर झालेल्या कामात हा सुटण्याचा वेग पुन्हा मोजला तरी बऱ्यापैकी टिकतो आणि रक्तातल्या कॉर्टिसॉलशी त्याचा संबंध लागतो, असं दिसलं. सुंदर माप आहे. पण तेही संपूर्ण नाही. पुढे ओलं काँक्रीट असेल, समोर कळप दिसत असेल, दाराशी माणूस उभा असेल, तर वेग बदलणारच. म्हणून ‘घड्याळ आलं, प्रश्न संपला’ असं समजू नका. यंत्राने घेतलेला आकडा अचूक असतो, तो कशाचा आहे हे शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं.

आता माझी फजिती. मी पट्टी उचलली आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला गेले. खिल्लार, काही गीर संकर, काही जर्सी संकर. खोड्यात आलेल्या प्रत्येक गायीला मी आकडा द्यायचा आणि माझ्या ज्युनिअरने माझ्याकडे न बघता वेगळ्या वहीत द्यायचा. दुपारी वह्या जुळवल्या तर अनेक गायींच्या बाबतीत आमचं पटेना. मग मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ आठवड्याने पाहून मी परत आकडे दिले, तर माझंच माझ्याशी पटेना! गाईडना दाखवलं. मॅडमनी एक व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, तू मार्क गायीला देतेयस की तिला धरणाऱ्याला?”

व्हिडिओत खरंच तेच होतं. आपला खोडा दाबत नाही, त्यात जनावराला हलायला जागा असते. ती जागा किती हे गायीच्या आकारावर. बारीक कालवड मोकळी नाचते, थोराड म्हैस नुसती उभी असते, कारण तिला हलताच येत नाही. कासरा एकाने आखूड बांधला, एकाने लांब. कुणी वेसण ओढून धरली. आणि मुख्य म्हणजे डोक्याशी मालक किंवा मालकीण उभी. पोळी खाजवत, “ये बया, ये, झालं बघ” म्हणत. ती बाई बाजूला झाली की २ ची ४ होणारी गाय मी डोळ्यांनी पाहिली. कोलोरॅडोतल्या चूटसाठी लिहिलेली पट्टी मी जशीच्या तशी इथे आणली होती. तिथे जनावर एकटं असतं आणि यंत्र सगळ्यांना सारखं धरतं. इथे यंत्र ढिलं आणि जनावराला धरून ठेवते ती माणसाची ओळख. मी गायीचा स्वभाव मोजत नव्हते. गाय, कासरा आणि पार्वतीकाकू यांची बेरीज मोजत होते. (काकूंचं नाव बदललंय.)

तीन महिन्यांचा डेटा गेला. ‘पायलट’ म्हणून प्रबंधात एक परिच्छेद होईल, एवढंच.

तुम्ही म्हणाल, एवढ्या आकड्याने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. तिकडे हे आकडे पैदाशीसाठी कुठलं जनावर ठेवायचं आणि कुठलं कळपातून काढायचं, यासाठी वापरले जातात. आपल्याकडे पट्टी नाही, पण ‘मारकी’ हा शिक्का आहे, आणि तो एकदा बसला की बाजारात गायीची किंमत पडते. उद्या माझ्या पेपरवरून कुणी ‘अमुक जात बिथरणारी’ असं लिहिलं, तर ते पुसायला दहा पेपर लागतील. आकडा कसा आला हे कुणी विचारत नाही, आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो.

याच ग्रँडिन यांचा १९९८ चा पेपर मला १९९७ च्या पेपरपेक्षा कितीतरी वरचा वाटतो, आणि तो कमी वाचला जातो. सहा कत्तलखान्यांत त्यांनी ११२५ जनावरं पाहिली आणि फक्त एवढंच नोंदवलं: हंबरलं की नाही? ११२ हंबरली. त्यातली दोन सोडून बाकी सगळी नुकत्याच घडलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीनंतर हंबरली: विजेची काठी, पाय घसरणं, बेशुद्ध करण्याचा नेम चुकणं, धरणाऱ्या यंत्राचा जास्त दाब. विषय आपल्याकडे वाचायला अवघड आहे, मान्य. पण पद्धत बघा. २ की ३ असा घोळच नाही. आवाज आला किंवा नाही आला. आणि दोष जनावराच्या स्वभावाला चिकटत नाही, तो काठीला, फरशीला, व्हॉल्व्हला चिकटतो. तिथे काठीचा वापर कमी करता येतो, फरशी खडबडीत करता येते. स्वभावाचं काय करणार? कुणी म्हणेल, निरीक्षकाला काठी दिसतेय म्हणून हंबरण्याशी तिचा संबंध लावणं सोपं जातं. बरोबर आहे. तरी कळपाला ३.४५ देण्यापेक्षा ही चूक पकडायला आणि दुरुस्त करायला सोपी आहे.

माझा नवा आराखडा असा. खोडा एकच, कासऱ्याची लांबी ठरलेली, खाली रबरी मॅट. मालक डोक्याशी असताना एकदा आणि नसताना एकदा, क्रम चिठ्ठी टाकून. कॅमेरा तिवईवर, आणि आकडे देणार त्या गावाला कधी न गेलेल्या दोन जणी, एकमेकींना न विचारता. वशिंड त्यांनाही दिसेल, त्यावर उपाय सापडलेला नाही. हालचालीच्या आकड्यासोबत आणखी तीन नोंदी: हंबरली का, शेण-मूत टाकलं का, डोळ्याचा पांढरा भाग किती दिसतो. ही शेवटची कल्पना नॉर्वेतल्या दुभत्या गायींवरच्या कामातून घेतलीय. प्रत्येक गाय किमान तीन वेळा.

पायलटमधल्या एका खिल्लार गायीला माझ्या वहीत १ आहे, ज्युनिअरच्या वहीतही १. आमचं पटलेल्या मोजक्या नोंदींपैकी ती एक, म्हणून मी खूश होते. परवा तो व्हिडिओ पुन्हा लावला. गाय खरंच हलत नाहीये. चारी पाय रोवलेले, मान ताठ, डोळ्यांचं पांढरं चहूबाजूंनी दिसतंय, मागे शेण पातळ पडलंय. मालक कॅमेऱ्याबाहेरून कुणाला तरी सांगतोय, “हितं अशी गप उभी ऱ्हाती बघा, पण घरी कासंला हात लावू देत न्हाई.”